इंडियानापुरता परवाना

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या तीन वर्षांत माझं लग्न झालेलं होतं, पण संसार नव्हता. मी इंडियानात होते आणि हे न्यू जर्सीत. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांप्रमाणे मी नवऱ्याला ‘हे’ म्हणते, मला अजूनही दुसरं काही जमत नाही. आमच्या दोघांच्या मधे साडेसहाशे मैल होते आणि ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया ही दोन आख्खी राज्यं.

कारण साधंच होतं. उत्तर इंडियानातल्या एका लहान गावात आम्ही आधी दोघं मिळून राहत होतो. हे डॉक्टर, पण इथली रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं तीन वर्षांचं प्रशिक्षण, मिळेपर्यंत एका लॅबोरेटरीत नळ्या धूत होते. मी पुण्याहून फार्मसी शिकून आलेली. पुन्हा परीक्षा दिली, दुसऱ्याच्या हाताखाली तास भरले आणि इंडियानाचं फार्मसिस्टचं लायसन्स मिळवलं. ते हातात पडलं त्याच उन्हाळ्यात यांना न्यू जर्सीत रेसिडेन्सी मिळाली. माझं लायसन्स न्यू जर्सीत चालत नव्हतं. तिथे पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षा, पुन्हा तास.

“तीनच वर्षांचा तर प्रश्न आहे,” असं आम्ही एकमेकांना सांगितलं. तीन वर्षं म्हणजे किती, ते तेव्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

हे गेल्यावर पहिला महिनाभर मी पोळ्याच केल्या नाहीत. तव्यावरची पोळी ताटात वाढायला कुणी नसलं की कणीक भिजवायला हातच उठत नाही. ब्रेड खायचे, नाहीतर भात. सकाळी चहा ठेवताना मात्र दोन कप पाणी पडायचंच. उरलेला कप मी ओतून द्यायची नाही, दुपारी दुकानातून जेवायला घरी आले की गार चहाच प्यायची. रविवारी यांचा फोन येई. “जेवलीस का?” “जेवले. तुम्ही?” “मी पण.” एवढं होईतो तिकडे यांचा पेजर वाजे आणि फोन ठेवावा लागे.

मी काम करत होते ते दुकान गावातल्या मुख्य रस्त्यावर होतं. मालक सत्तरीचे, पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम तीन पेनं. माझं नाव त्यांना कधीच उच्चारता आलं नाही, म्हणून ते मला ‘यंग लेडी’ म्हणत. त्यांची बायको वारली होती, मुलं दूर कॅलिफोर्नियात. मी दुकान उघडायची, दुपारनंतर ते यायचे.

एका दुपारी ते बँकेत गेले असताना एक माणूस आत आला. तरुण होता, चांगले कपडे होते. काउंटरवर वाकून त्याने कुठल्या गोळ्या हव्यात ते अगदी हळू आवाजात सांगितलं, आणि मी प्रिस्क्रिप्शन मागितलं तेव्हा जाकिटातून पिस्तूल काढून माझ्याकडे रोखलं. मी कपाटाचं कुलूप उघडलं, बाटल्या दिल्या. तो “थँक यू” म्हणाला आणि गेला. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. मी मात्र मालक येईपर्यंत तशीच उभी होते, हातात किल्ली घट्ट धरून. ती त्यांना माझ्या मुठीतून सोडवून घ्यावी लागली.

त्या रविवारी फोनवर मी यांना काही सांगितलं नाही. यांची परीक्षा तोंडावर होती. “सगळं ठीक,” म्हटलं.

मालकांना मात्र माझी भीती दिसत होती. दाराची घंटा वाजली की मी दचकायची. एक दिवस ते म्हणाले, “यंग लेडी, तू पिस्तुलाचं परमिट काढ. पर्समध्ये काहीतरी असलेलं बरं.”

मला हसूच आलं. माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरात शस्त्र म्हणजे विळी आणि अडकित्ता. पण मालक गंभीर होते. त्यांनी मला त्यांच्या भावाच्या शेतावर नेलं. मका काढून झालेला, नुसती धाटं उभी. कुंपणाच्या खांबांवर त्यांनी सूपचे रिकामे डबे मांडले आणि मला रिव्हॉल्व्हर कसं धरायचं, कसं भरायचं, कसं रिकामं करायचं ते शिकवलं. तीन शनिवार गेलो. तिसऱ्या शनिवारी मी एक डबा पाडला. ते एवढे खूश झाले की तो भोक पडलेला डबा दुकानात आणून औषधांच्या फळीवर ठेवला.

मालकांबरोबर जाऊन मी एक लहान रिव्हॉल्व्हर घेतलं. परमिटसाठी पोलिसांनी बोटांचे ठसे घेतले. काही आठवड्यांनी गुलाबी रंगाचा एक कागद आला: हँडगन लपवून जवळ बाळगायची परवानगी. तो घ्यायला गेले तेव्हा तिथल्या कारकून बाईंनी विचारलं, “प्रवास करतेस का?”

“न्यू जर्सीला जाते. नवरा आहे तिकडे.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मग नीट ऐक. हा कागद इंडियानापुरता. ओहायोत असलं परमिटच नाही. पेनसिल्व्हेनियात आहे, पण त्यांचं त्यांचं, आपलं ते मानत नाहीत. आणि न्यू जर्सीत तर पिस्तूल हा शब्दही उच्चारू नकोस. राज्याची हद्द यायच्या आत गाडी थांबव, गोळ्या काढ, सगळं पेटीत घाल, पेटीला कुलूप लाव आणि डिकीत टाक.”

घरी येताना मनात आलं, ड्रायव्हिंग लायसन्स पन्नासही राज्यांत चालतं. लग्नसुद्धा चालतं. माझं फार्मसीचं लायसन्स चालत नाही आणि आता हेही चालणार नाही.

दसऱ्याला मी पाटावर लाल कापड अंथरून शस्त्रपूजा मांडली. रिव्हॉल्व्हर ठेवावं की नाही, बराच वेळ ठरेना. शेवटी दुकानातला औषधाच्या गोळ्या मोजायचा ट्रे आणि सुरी ठेवली, हळदकुंकू वाहिलं. रिव्हॉल्व्हर पर्समध्येच राहू दिलं.

महिना-दीड महिन्यातून यांना एक शनिवार-रविवार सुट्टी मिळे, तेव्हा मी जायची. पहाटे पाचला निघायचं, संध्याकाळी पोहोचायचं. इंडियानातल्या शेवटच्या थांब्यावर, पार्किंगच्या अगदी कडेला गाडी उभी करायची, पाच गोळ्या काढून रुमालात बांधायच्या आणि सगळं एका लोखंडी पेटीत कुलूपबंद करायचं. त्या पेटीच्या शेजारी डिकीत यांच्यासाठी केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. म्हणजे सत्तर-ऐंशी मैल शस्त्र जवळ आणि पुढचे पावणेसहाशे मैल नुसतीच भीती. तरी मी ते नेत होते. डिकीत आहे, एवढ्यावरच जिवाला धीर वाटे.

न्यू जर्सीत पोहोचले की हे जिन्यावरून धावत खाली यायचे. “थांब, डिकीतलं मी काढतो.” “नको नको, मी काढते!” म्हणून मी आधी पळायची. यांना वाटायचं, बायको आपल्याला दमू देत नाही. मला वाटायचं, आता सांगावं. पण यांचे खोल गेलेले डोळे पाहिले की सांगवत नसे. हे जेवता जेवता झोपायचे. मी ताट हळूच काढून घ्यायची आणि नुसती बघत बसायची. एवढ्या लांबून आले ते झोपलेला माणूस पाहायला, असं कुणी म्हणालं असतं. पण मला तेवढंही पुरायचं. आणि पुरायचं नाहीही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीचा पाडवा शनिवारी आला. यांना शनिवारी सुट्टी होती, रविवारी रात्री पुन्हा ड्यूटी. दिवस मावळायच्या आत पोहोचून यांना ओवाळायचं, असं मी ठरवलं होतं. ताम्हन, निरांजन, तुपात भिजवलेल्या वाती, सुपारी, एका डबीत अक्षता, सगळं टॉवेलमध्ये गुंडाळून घेतलं. हातात हिरव्या बांगड्या भरल्या. आणि निघायला अर्धा तास उशीर झाला.

शेवटचा थांबा आला तेव्हा पाऊस कोसळत होता. पुढच्या थांब्यावर करू, असं म्हणून मी तशीच पुढे गेले. ओहायोत शिरल्यावर वाटलं, आता इथे थांबून पर्स उघडणं जास्त धोक्याचं. मग विसरलेच. खरंच विसरले. मनात फक्त यांचं घर, दार आणि घड्याळ होतं.

पेनसिल्व्हेनियात डोंगर सुरू झाल्यावर पाऊस थांबला आणि मी वेग वाढवला. अकराच्या सुमाराला आरशात दिवे दिसले.

गाडी बाजूला घेताना पर्स आठवली. मालकांनी शिकवलं होतं, पोलिसाला आपणहून आधी सांगायचं. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून मी म्हटलं, “ऑफिसर, माझ्या पर्समध्ये रिव्हॉल्व्हर आहे. माझ्याकडे परमिट आहे.”

तो एक पाऊल मागे सरकला. मला खाली उतरवलं, पर्स घेतली, गुलाबी कागद उलगडून वाचला.

“मॅडम, हे इंडियानाचं आहे.”

“हो.”

“हे पेनसिल्व्हेनिया आहे.”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर कळलं की हे म्हणायला नको होतं.

त्याने हात पुढे करायला सांगितले. बेडी बांगड्यांवर बसेना. तो अवघडून थांबला. मग मीच एकेका हाताच्या बांगड्या वर सारल्या. डिकी उघडून त्याने टॉवेल सोडला आणि निरांजन उचलून विचारलं, “हे काय?”

“आज आमचा सण आहे. नवऱ्याला ओवाळायचं असतं.”

काय समजलं देव जाणे, पण त्याने ते परत तसंच गुंडाळून ठेवलं, एक वातही सांडू न देता.

चौकीत त्यांनी मला वाईट वागवलं नाही. कॉफी दिली. तासाभराने यांना फोन करू दिला. पहिल्याच रिंगला यांनी उचलला.

“कुठवर आलीस? संध्याकाळसाठी वरण-भात लावणार आहे मी.”

मी एवढंच म्हटलं, “मी पोलिस चौकीत आहे. मला काही झालेलं नाही. माझ्याजवळ पिस्तूल सापडलं.”

“कुणाचं पिस्तूल?”

“माझं.”

तिकडे कागद-पेन शोधल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, “गावाचं नाव सांग.”

दुपारी मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. ते साधा स्वेटर घालून घरूनच आले होते. पाच आठवड्यांनी तारीख दिली आणि तोवर मला जाऊ दिलं, पण रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडेच राहिलं. मी बाकावर बसून राहिले. आमची ग्रीन कार्डं नवी होती. एवढ्यावरून परत पाठवतील का, यांची रेसिडेन्सी जाईल का, पुण्यात काय सांगायचं, हेच डोक्यात फिरत होतं.

सहा वाजता हे आले, बरोबरच्या एका डॉक्टरची गाडी मागून. घरातले कपडे अंगातच होते, त्यावर स्वेटर. मला वाटलं रागावतील. यांनी माझी मनगटं हातात घेऊन वळ पाहिले आणि विचारलं, “जेवलीस का?”

तेव्हा मी रडले. सकाळपासून पहिल्यांदा.

हायवेच्या तोंडाशी एक मोटेल होतं आणि समोर एक लहानसं हॉटेल, लाल बाकं असलेलं. तिथे ग्रिल्ड चीज सँडविचेस खाता खाता मी यांना सगळं सांगितलं. तो चांगल्या कपड्यांतला माणूस, मुठीतली किल्ली, मक्याचं शेत, लोखंडी पेटी. यांचं सँडविच तसंच राहिलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमची परीक्षा होती.”

“माझ्या बायकोवर कुणी पिस्तूल रोखतो, आणि मी तिकडे परीक्षेची पुस्तकं वाचत बसतो?”

“तुम्ही काय करणार होता एवढ्या लांबून?”

“काही नाही,” हे म्हणाले. “पण मला माहीत तर असतं.”

मग खिडकीबाहेर पाहत, हिशेब जुळवल्यासारखं म्हणाले, “मी साडेपाच तासांत आलो इथे. तू?”

“सहा.”

“म्हणजे हे मधोमध आहे. एवढे दिवस आपल्याला सुचलं कसं नाही? यापुढे तू जर्सीपर्यंत यायचं नाहीस. इथपर्यंत ये. मी येईन.”

मोटेलच्या खोलीत मी यांना ओवाळलं. हॉटेलातून आणलेल्या काडेपेटीने निरांजन लावलं. धुराची घंटा वाजेल म्हणून यांनी खिडकी उघडून धरली, आणि गार वाऱ्याने ज्योत दोनदा विझली. आम्ही दोघं हसत सुटलो. इतकं हसलो की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली.

सकाळी दोन गाड्या. यांनी पूर्वेचा रस्ता धरला, मी पश्चिमेचा.

मालकांना सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसले. “माझी चूक आहे,” म्हणाले. मी नाही नाही म्हणत राहिले. तारखेच्या दिवशी मी कोर्टात पोहोचले तर ते आधीच बसलेले. सत्तरीचा माणूस दुकान बंद ठेवून सहा तास गाडी चालवत आला होता, जुन्या पद्धतीचा टाय लावून. शेजारी हे. दोघांची ओळख करून द्यायला मी नव्हते, तरी त्यांनी एकमेकांना ओळखलं होतं आणि हलक्या आवाजात बोलत होते.

मालक न्यायाधीशांपुढे उभे राहिले. “हिला बंदूक नको होती. मी घ्यायला लावली. हिच्यावर दरोडा पडला तेव्हा मी बँकेत होतो.” मग त्यांनी तो भोक पडलेला सूपचा डबा कागदी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. का, ते त्यांचं त्यांनाही माहीत नसावं. न्यायाधीशांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वकिलांशी थोडं बोलले. रिव्हॉल्व्हर सरकारजमा करायचं आणि खटला पुढे चालवायचा नाही, असं ठरलं. बाहेर आल्यावर मालकांनी यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

“तिला तुझ्याकडे घेऊन जा,” ते म्हणाले.

“दीड वर्ष अजून,” हे म्हणाले.

“दीड वर्ष खूप असतं,” मालक म्हणाले. “मला विचार.”

मी पुन्हा शस्त्र घेतलं नाही. भीती गेली नव्हती, पण आता रस्ता अर्धा झाला होता आणि पलीकडच्या टोकाकडून कुणीतरी निघालेलं असायचं. मी ओहायोत असताना मनात म्हणायची, हे आता जर्सीतून बाहेर पडले असतील. डोंगर दिसू लागले की, आता यांनाही दिसत असतील. त्या हॉटेलच्या आवारात वळताना यांनी नंतर घेतलेली जुनी गाडी आधीच उभी दिसली की छातीत जे काही व्हायचं, ते नंतर एका घरात इतकी वर्षं राहून पुन्हा कधी झालं नाही. हे सांगायला मला संकोच वाटतो, पण खरं आहे.

यांना पहिली नोकरी टेक्ससमध्ये मिळाली. मी तिसऱ्यांदा परीक्षा देऊन तिथलं लायसन्स काढलं. मुलं झाली, तिथल्याच प्लेनो शहरात मोठं घर झालं. त्या घरात मी वरच्या मजल्यावर असले आणि हे खाली, तर आम्ही एकमेकांना फोन करतो. मध्यंतरी मी यांना विचारलं, “ते पेनसिल्व्हेनियातलं गाव आठवतं का हो?”

“आठवतं ना,” हे म्हणाले. “तुला धरून ठेवलं होतं तिथे. फार वाईट दिवस होते गं ते.”

मी हो म्हटलं.

त्या गावातली आमची शेवटची भेट जूनमधली. यांची रेसिडेन्सी संपत आली होती, टेक्ससचं पत्र खिशात होतं. हे फार आनंदात होते. सारखे म्हणत होते, “सुटलो आपण. आता इथे यायचं नाही.” मीही आनंदात होते. निघताना यांनी माझ्या गाडीचं तेल पाहिलं, काच पुसली आणि आधी आपण निघाले, कारण यांना संध्याकाळी ड्यूटी होती.

मी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. उतरले आणि परत आत जाऊन आमच्या नेहमीच्या बाकावर बसले. नुकतीच कामावर आलेली वाढणारी बाई आम्हाला ओळखत होती. तिने न विचारता दोन कप मांडले.

“तो अजून आला नाही?” तिने विचारलं.

“येऊन गेला,” मी म्हटलं.

तिने एक कप उचलायला हात पुढे केला. मी म्हटलं, “राहू दे.” तिने दोन्ही कपांत कॉफी ओतली आणि गेली. मी दोन्ही प्यायले, आणि मग इंडियानाच्या रस्त्याला लागले.